सात घोडे नकोत, बुद्ध नको, बजेट पंधरा हजार: हॉलच्या भिंतीवर काय लावू?

वरणभात_तूप

नमस्कार मंडळी. दसऱ्याला धायरीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सोफा आला, पडदे आले, फ्रीजवर घालायचं कव्हरसुद्धा आलं (सासूबाईंनी आणलं, विषय संपला). राहिली आहे सोफ्यामागची भिंत. ११ फूट लांब, फिकट पांढरी, समोर पश्चिमेची खिडकी.

नवऱ्याला सात धावते घोडे हवेत, कारण ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय की त्याने प्रमोशन मिळतं. सासूबाईंना राधाकृष्ण हवेत. मला यातलं काहीच नको, पण काय हवंय तेही सांगता येत नाही. मी ऑनलाइन शोधलं. पाच तुकड्यांतला बुद्ध, १,७९९ रुपये, खिळे फुकट. तोच बुद्ध समोरच्या फ्लॅटमध्ये आहे, बिल्डिंगच्या लॉबीत आहे आणि माझ्या दंतवैद्याकडे तर खुर्चीच्या बरोबर समोर आहे. रूट कॅनालच्या तीन सिटिंगमध्ये आमची इतकी नजरानजर झालीय की आता घरात तो नकोच.

मग धीर करून एका गॅलरीत गेले. एसी, पांढऱ्या भिंती, शुकशुकाट. टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कलेक्टर आहात का?" मी म्हटलं, तहसीलदारसुद्धा नाही, मी अकाउंट्समध्ये आहे. ती हसली नाही. किमतीच्या यादीत सगळ्यात स्वस्त चित्र ८५,००० चं होतं. मी पाणी पिऊन परत आले.

तर प्रश्न असा: सगळं मिळून १५,००० रुपयांत, माणसाच्या हाताने केलेलं, शेजारच्यांकडे नसेल असं काही मिळतं का? कुठे? आणि आपल्याला चित्रातलं काही कळत नसताना घ्यायचं कसं? वारली सुचवणार असाल तर थांबा. ट्रे, कप, उशा, छत्र्या यांवर वारली बघून वीट आलाय.

आठ_बावन्न

ताई, कलेक्टर मीही नाही. डोंबिवलीत राहतो, बँकेत कारकून होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरात सतरा चित्रं आहेत आणि एकाहीसाठी पाच हजारांच्या वर मोजलेले नाहीत. सौ. म्हणते अठरावं आलं तर मला भिंतीला टांगेल.

माझी सुरुवात जहांगीरच्या आत नाही, बाहेर झाली. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार चित्रं मांडून बसतात, तिथे. पंचवीसएक वर्षं झाली असतील. पाऊस आला म्हणून प्लास्टिकच्या कागदाखाली उभा राहिलो. तो कागद एका चित्रकाराने चित्रांवर धरला होता, मी त्याचं दुसरं टोक धरलं. पंधरा मिनिटं दोघे तसेच उभे. निघताना एक छोटं जलरंगातलं चित्र ४०० रुपयांना घेतलं. भाऊच्या धक्क्यावरची लाँच होती. अजून आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी.

तिथे एक गोष्ट शिकलो. समोर फ्रेम करून ठेवलेली चित्रं बघायची, पण घ्यायची नाहीत. "अजून आहेत का, बिनफ्रेमची?" असं विचारायचं. मग खालून एक मोठी फाइल निघते. त्यात सुटे कागद असतात, स्केचेस असतात, विकायचं डोक्यात नव्हतं असंही काही असतं. खरी मजा त्या फाइलमध्ये. घासाघीस मी कधी केली नाही. नेहमीच्या नोकरदारांना परवडेल एवढंच त्यातलं बरंचसं असतं.

दुसरी जागा म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन. १८५७ सालापासूनची संस्था, सीएसएमटीपासून चालत पाच मिनिटं. वर्षातून एकदा मुलांचं काम मांडतात आणि त्यातलं बरंच विक्रीला असतं. पुण्यात तुम्हाला टिळक रोडवरचं अभिनव कला महाविद्यालय जवळ आहे, तिथेही प्रदर्शन भरतं. मुलांच्या किमती मुलांसारख्या असतात. कुणी संकोचून ८०० लिहितं, कुणी तावातावाने ४०,०००. संकोचणाऱ्यांकडे जायचं.

मी तिथे नेहमी प्रिंटमेकिंगच्या खोलीत आधी जातो, आणि तुम्हालाही हेच सांगेन. प्रिंट म्हणजे डिजिटल छपाई नव्हे हो. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन, तो सुईने ओरखडून, पत्रा ॲसिडमध्ये बुडवून, शाई भरून, ओलसर कागदावर दाबून काढतात. एचिंग म्हणतात. एका पत्र्यावरून दहा, वीस प्रती निघतात, प्रत्येक हाताने काढलेली, म्हणून एकेकीची किंमत कमी. खाली पेन्सिलीने डावीकडे ७/२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे विसातली सातवी. उजवीकडे सही. माझ्याकडे एक आहे: लोकलच्या डब्यातले नुसते हात आणि कड्या, एकही चेहरा नाही. १,८०० रुपये दिले होते. त्या मुलीने सांगितलं की ती रोज कर्जतहून यायची आणि गर्दीत तिला हातच दिसायचे.

एचिंग ओळखायची खूण म्हणजे चित्राच्या चारी बाजूंनी कागद किंचित दबलेला असतो, पत्र्याची कड उमटलेली असते. बोट फिरवलं तर पायरी लागते. (आधी विचारा, मग फिरवा. मी एकदा न विचारता फिरवलं, ओरडा खाल्ला.) उलट दुकानात "लिमिटेड एडिशन" म्हणून ७/५०० लिहिलेले गुळगुळीत कागद मिळतात. ते संगणकाचे प्रिंटआउट. आवडले तर घ्या, पण प्रिंटआउटचे पैसे देऊन.

"कळत नसताना कसं घ्यायचं" याला माझ्याकडे उत्तर नाही. मी घ्यायच्या आधी चहाला जातो. चहा पिताना ते चित्र डोक्यातून गेलं तर परत जात नाही. निम्म्या वेळा गेलेलं असतं.

आणि वारलीचं बोललात म्हणून. कपावरची वारली म्हणजे वारली नव्हे, वॉलपेपर. डहाणूजवळ गंजाडला जिव्या सोमा मशे होते, २०११ ची पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, अशा रिवाजात हा पुरुष हातात कुंचला घेऊन बसला आणि रोज चित्रं काढू लागला. आजही त्या भागातल्या घरांमधून शेणाने, गेरूने सारवलेल्या कापडावर चित्रं होतात. जवळून बघा. कपावरची माणसं एकाच साच्यातली असतात. हाताच्या वारलीत तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्या पन्नास माणसांत दोन सारखी सापडत नाहीत, कुणाचा पाय जास्त उचललेला, कुणी मागे राहिलेलं. आणायचं असेल तर घडी घालू नका, गुंडाळी करा. घडीवर शेणाचा थर तडकतो. मी तडकवलाय.

मिरची_भजी

१५,००० भिंतीला? त्यात थोडे घालून एसी येईल. पश्चिमेची खिडकी आहे म्हणता.

वरणभात_तूप

@मिरची_भजी एसी दुसऱ्या भिंतीला आहे 😊

@आठ_बावन्न काका, तुम्ही तर खजिनाच उघडलात. चहाची युक्ती आवडली. अभिनववरून मी आठवड्यातून दोनदा जाते, आत कधी डोकावले नाही.

बंगळुरी_पुणेकर

जानेवारीत बंगळुरूला या. कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्रसंते भरते, एका रविवारी. कुमारकृपा रस्ता गाड्यांना बंद आणि दोन्ही बाजूंना नुसते चित्रकार, देशभरातून आलेले. शंभर रुपयांपासून लाखापर्यंत. सकाळी आठ-नऊला पोचा, अकरानंतर मुंगीला वाट नाही. रोख पैसे आणि कागद गुंडाळायला नळी घेऊन जा. मी गेल्या वेळी नळी विसरलो आणि पोस्टर विकणाऱ्या पोराकडून त्याची रिकामी नळी वीस रुपयांना घेतली.

कुडाळचो_चाकरमानी

काका सगळं सांगतात, पण कोकण विसरले!

ताई, कुडाळ स्टेशनपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करत आला. म्हणजे रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग कागदावर काढायचा, चित्रं एकामागे एक धरायची आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने गोष्ट गायची. चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, म्हणजे एक पान उलटलं की दुसरं तयार. एका कथेच्या अशा गठ्ठ्याला पोथी म्हणतात. हातात वाचायचं पुस्तक नाही, पण म्हणायचं पोथीच.

परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय केलं आहे, ठाकर आदिवासी कला आंगण. जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या सगळं तिथे बघायला मिळतं. जुन्या पोथ्या विकत मागू नका, ते त्यांचं घराणं आहे. नवीन काढलेली चित्रं मिळतात, मापाप्रमाणे काढूनही मिळतात. मी बहिणीच्या वास्तुशांतीला एक दिलं, २,५०० रुपये. चेहरे सगळे बाजूने, डोळा मात्र समोरून बघितल्यासारखा मोठा, टपोरा. घोडे, रथ, राक्षस, सगळे गर्दीने भरलेले. युद्धाचा प्रसंग घ्या. शांत प्रसंगात मजा नाही, हे माझं मत.

तिथून तासाभरात सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले दिसतात. गोल पत्ते, हाताने रंगवून वर लाखेचा थर. दशावतारी गंजिफेत १२० पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, त्यातली दोन राजा आणि प्रधानाची. अख्खा संच तुमच्या बजेटबाहेर जाईल. पण दहा राजे, म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत, एका ओळीत फ्रेम केले तर? आमच्या एका काकांनी केलेत. ११ फुटी भिंतीला लांबट फ्रेम शोभेल. सुटी पानं देतात का ते तिथेच विचारा.

येवा, कोकण आपलोच असा.

जुनाबाजार_बळी

वर सगळे शहाणे आहेत, म्हणून मी मूर्खपणा सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार आणि रविवार) मला एक "१९०५ ची ओरिजनल रविवर्मा लक्ष्मी" मिळाली. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, हे सगळं मला पाठ. त्यामुळे मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या, काच धुरकट. ३,५०० ला घेतली आणि घरी येईपर्यंत कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे काका राहतात. त्यांनी त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग दिलं. लक्ष्मीच्या गालावर धरलं तर चार रंगांचे एकसारखे ठिपके, फुलासारख्या रचनेत, ओळीने. हल्लीची ऑफसेट छपाई. जुन्या शिळाछापाचे ठिपके हाताने पाडलेले, वेडेवाकडे असतात, आणि रंग एकावर एक बसताना कुठेतरी सरकलेला दिसतो. माझ्या लक्ष्मीला बहुधा चहाच्या पाण्यात आंघोळ घातली होती.

तेव्हापासून भिंग खिशात असतं. शंभर-दीडशे रुपयांना मिळतं. चित्र मात्र लावलंय. लक्ष्मी ती लक्ष्मी, परत कशी करणार?

काचबिच_कोल्हापूर

माझं कोल्हापुरात फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासून. सगळे चित्राचं बोलतायत, फ्रेमचं कुणी बोलेना, म्हणून लिहितो.

ताई, पंधरा हजारांतले निम्मे फ्रेमला बाजूला ठेवा. हिशेब करून दाखवतो. जलरंगातलं चित्र साधारण १५ बाय २२ इंची कागदावर असतं. चारी बाजूंनी ३ इंच माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) सोडला की झालं २१ बाय २८. घेर ९८ इंच, कोपऱ्यांची कापणी धरून पट्टी लागते ९ फूट. पट्टी १२० रुपये फुटाची धरली तर १,०८० झाले. वर माउंट, काच, पाठ, मजुरी. दोन हजार कुठे गेले कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "चित्र दीड हजाराचं, फ्रेम दोनची?" अहो, चित्र तुम्ही स्वस्तात आणलंत, लाकूड मी स्वस्तात आणू कुठून?

पैसे वाचवायचे तर पट्टीत वाचवा. सोनेरी नक्षीची नको, अर्ध्या इंचाची साधी सागवानी किंवा काळी घ्या. माउंटमध्ये वाचवू नका. माउंट शोभेला नसतो, काचेपासून चित्र लांब राहावं म्हणून असतो. काच टेकली की पावसाळ्यात मधे ओल धरते आणि रंग काचेला चिकटतो. मागच्या श्रावणात एक बाई आजोबांनी काढलेलं चित्र घेऊन आल्या. काच काढली तर महादेवाच्या देवळाचा कळस काचेवर आणि देऊळ कागदावर. मला त्यांच्याकडे बघवेना. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री मागा, साधा बोर्ड काही वर्षांत चित्राच्या कडेने पिवळी रेघ सोडतो. चित्र माउंटला सेलोटेपने चिकटवणारा दिसला तर दुकानातून उठून या.

भिंतीचं: पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग लावू नका. ऊन थेट पडत असेल तर तीन-चार वर्षांत तांबडा आधी उडतो. सोफ्यामागची भिंत बाहेरची आहे का? असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. नाहीतर कसर लागते.

आणि जाता जाता. कोल्हापूरला आलात तर दळवीज किंवा कलानिकेतन या चित्रकला शाळांतल्या पोरांची लँडस्केप बघा. सकाळी पंचगंगेच्या घाटावर, संध्याकाळी रंकाळ्यावर बसलेली असतात. बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे. पोरं कागद माझ्याकडे फ्रेमला आणतात, म्हणून मला माहीत, हात चांगला आहे आणि खिसा रिकामा.

वरणभात_तूप

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. हिशेब द्यायचा होता.

अभिनवच्या प्रदर्शनातून एक लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून काढलेली प्रिंट) घेतला, १,२००. मंडईतली लिंबूवाली, टोपलीमागे एवढीशी बसलेली. चहाला गेले, परत आले, तरी डोक्यात लिंबंच. ज्या मुलाने केला त्याला विचारलं, सही पेन्सिलीने का? म्हणाला, पेनची शाई उडते, पेन्सिल उडत नाही. मग त्याने माझ्यासमोर ३/१५ लिहिलं आणि हात थरथरला म्हणून ३ थोडा ५ सारखा दिसतो. त्याचं पहिलंच विकलेलं चित्र होतं म्हणे.

जुन्या बाजारातही गेले, भिंग घेऊन (आभार, बळी!). १२० रुपयांना एक जुना दिवाळी अंक मिळाला, चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठाचा. बाईच्या केसांतल्या शेवंतीच्या एकेका पाकळीवर उजेड आहे. फ्रेम करायला मुखपृष्ठ फाडावं लागेल म्हणून तसाच टीपॉयवर पडलाय. फाडू का?

आणि मुख्य म्हणजे जानेवारीत वेंगुर्ल्याला नणंदेकडे गेलो तेव्हा पिंगुळीला थांबलो. नवरा गाडीतून उतरायला तयार नव्हता, म्हणाला तू बघून ये. मग कुणीतरी आत चामड्याच्या बाहुल्या दाखवायला लागलं आणि हाच तासभर हलेना. कुडाळकरांचं ऐकून युद्धाचाच प्रसंग घेतला, कृष्ण-अर्जुनाचा रथ, ३,००० रुपये. सासूबाई म्हणाल्या, कृष्ण आला ना, राधा काय नंतर येईल. नवऱ्याने जवळ जाऊन रथाचे घोडे मोजले. चार.

"तीन कमी आहेत," म्हणाला.

फ्रेम २,४०० ला पडली, ॲसिड-फ्री माउंट, बुचाचे तुकडे सगळं. अकरा फुटांतली सात फूट भिंत अजून मोकळी आहे आणि सव्वाआठ हजारांच्या आसपास शिल्लक. दहा गंजिफांसाठी राखून ठेवलेत.

काचबिच_कोल्हापूर

अंक फाडू नका!! खोल खोक्यासारखी फ्रेम करून मिळते, अख्खा अंक आत बसतो. पान उघडायचं झालं तर मागचे चार स्क्रू काढायचे. अंकाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून सांगा.

आठ_बावन्न

ताई, लिंबूवालीचा फोटो टाका की. आणि त्या मुलाकडे ४/१५ शिल्लक आहे का विचाराल? सौ.ला सांगू नका.